सातव्या महिन्यात आलेला ‘रिअ‍ॅक्टिव्ह’: एका एचआयव्ही चाचणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यातलं आहे. नावं, गावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. चाचण्यांचा क्रम आणि त्यांच्यामधले दिवस मात्र होते तसेच ठेवलेत, कारण सगळा निर्णय त्या दिवसांच्या हिशेबावरच अवलंबून होता. मी उपजिल्हा रुग्णालयातल्या एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे सगळे ज्याला आयसीटीसी म्हणतात तिथे, समुपदेशक आहे.

अश्विनी 23 वर्षांची, पहिलटकरीण. नवरा महेश हार्वेस्टरवर ऑपरेटर. ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की चार-पाच महिने सीमेपलीकडे बेळगावच्या बाजूला मुक्काम. घरी सासू-सासरे. ऑक्टोबरमध्ये, तिसऱ्या महिन्यात, गावच्या आरोग्य केंद्रात तिची नोंदणी झाली. तेव्हा हिमोग्लोबिन, रक्तगट, शुगर यांच्याबरोबर एचआयव्हीचीही तपासणी झाली आणि ती निगेटिव्ह आली. प्रत्येक गरोदर बाईला ही तपासणी सुचवली जाते, ती तिची संमती घेऊनच करायची असते. अश्विनीच्या कार्डावर तशी नोंद होती.

नोव्हेंबरात महेश कामावर गेला. संक्रांतीला चार दिवस घरी येऊन परत गेला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सातवा महिना लागल्यावर, सासऱ्यांनी तिला शहरातल्या एका खासगी प्रसूतिगृहात नेलं. सोनोग्राफी झाली. ‘सगळ्या रक्ताच्या तपासण्या करून घेऊ’ असं सांगून रक्त घेतलं. त्या ‘सगळ्या’मध्ये एचआयव्ही आहे हे तिला कुणी सांगितलं नाही.

अडचण

दुसऱ्या दिवशी प्रसूतिगृहातून फोन आला. केसपेपरवर नंबर सासऱ्यांचा होता. फोन सासूबाईंनी उचलला. पलीकडून सांगितलं गेलं की तुमच्या सुनेचा एचआयव्ही पॉझिटिव्ह आलाय, आमच्याकडे डिलिव्हरी होणार नाही, सरकारी दवाखान्यात न्या.

घरात पहिला प्रश्न आजाराचा निघाला नाही. ऑक्टोबरात रिपोर्ट चांगला होता, नवरा तर महिनोन्‌महिने बाहेर, मग हिला हे आलं कुठून, असा सरळ हिशेब सासूबाईंनी मांडला. अश्विनीचं ताट-तांब्या वेगळं झालं. ठरलेलं डोहाळजेवण ‘पुढे बघू’ म्हणून रद्द झालं आणि तिसऱ्या दिवशी भावाला बोलावून तिला माहेरी पाठवलं. पहिलं बाळंतपण माहेरीच असतं, त्यामुळे गावात कुणाला वेगळं वाटलं नाही. महेशला फोनवर फक्त ‘तिला जरा लवकरच पाठवली’ एवढंच कळवलं.

माहेरच्या आशाताईंनी अश्विनीचा चेहरा बघून विचारपूस केली आणि आमच्याकडे जायला सांगितलं. ती आईबरोबर आली. आईला माहीत होतं ते इतकंच, की रक्तात काहीतरी दोष निघालाय. आई बाहेर बाकावर बसली आणि अश्विनी एकटी आत आली. पर्समधून घडी घातलेला रिपोर्ट काढून तिने टेबलावर ठेवला आणि विचारलं, “मॅडम, माझं बाळ वाचेल का?” स्वतःबद्दल तिने काहीच विचारलं नाही.

रिपोर्टमध्ये नेमकं काय होतं

फोनवर ‘पॉझिटिव्ह’ असं सांगितलं गेलं होतं. कागदावर तो शब्द कुठेच नव्हता. चौथ्या पिढीच्या मशिन चाचणीचा तो रिपोर्ट होता: निकाल रिअ‍ॅक्टिव्ह, व्हॅल्यू 1.9, कटऑफ 1.0, म्हणजे आकडा 1.0 च्या वर गेला की चाचणीने काहीतरी पकडलं असं धरतात. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, की पुढील चाचणीने खात्री करून घ्यावी. ती ओळ ना फोन करणाऱ्याने वाचली होती, ना घरातल्या कुणी.

पहिली चाचणी मुद्दाम अतिशय संवेदनशील ठेवलेली असते, लागण झालेला एकही माणूस सुटू नये म्हणून. त्यामुळे ती कधीकधी लागण नसलेल्यालाही पकडते. गर्भारपणात, अलीकडे घेतलेल्या एखाद्या लशीनंतर किंवा काही ऑटोइम्यून आजारांत, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तेव्हा, असं होऊ शकतं. समजा, 10,000 गरोदर बायकांची तपासणी केली आणि त्यांतल्या 10 जणींना खरोखर लागण आहे. चाचणी लागण नसलेल्या हजारातल्या दोघींना चुकून रिअ‍ॅक्टिव्ह दाखवते असं धरलं, तरी 20 जणी नाहक पकडल्या जातील. म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह आलेल्या 30 जणींपैकी 20 जणींना एचआयव्ही नसेलच. चाचणी उत्तम असूनही हे होतं, कारण ज्या गटात लागण मुळातच विरळ आहे तिथे पहिल्या कागदाचं वजन कमीच असतं. म्हणूनच सरकारी पद्धतीत लक्षणं नसलेल्या माणसाला पॉझिटिव्ह म्हणण्याआधी तीन वेगवेगळ्या किटवर तपासतात आणि तिन्ही रिअ‍ॅक्टिव्ह आल्या तरच तसा रिपोर्ट देतात.

1.9 ही व्हॅल्यू कटऑफच्या जेमतेम वर होती. लागण जुनी असेल तर आकडा सहसा याच्या कितीतरी पट येतो. मात्र कमी आकडा म्हणजे काळजी नाही, असं समजून चालत नाही. चौथ्या पिढीची चाचणी अँटिबॉडीबरोबर, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीर तयार करतं त्या घटकांबरोबर, विषाणूचं पी 24 हे प्रथिनही शोधते आणि ते अँटिबॉडीच्या आधी रक्तात दिसतं. अगदी नवी लागण असेल तेव्हाही आकडा असाच लहान येऊ शकतो.

पहिला निर्णय: निगेटिव्ह आल्यावर थांबायचं का?

संमती घेऊन रक्त घेतलं. आमच्याकडचा रॅपिड किट फक्त अँटिबॉडी शोधतो. अर्ध्या-पाऊण तासात निकाल आला: नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. नियमाप्रमाणे पहिलीच चाचणी नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह असली की रिपोर्ट निगेटिव्ह जातो.

अश्विनी रडायला लागली. मग तिच्याच परवानगीने आईला आत बोलावलं, तर आईने हात जोडले आणि खासगी लॅबवाल्यांच्या नावाने बोटं मोडली. फाइल इथे बंद करणं सगळ्यांनाच हवं होतं. दहातल्या नऊ वेळा तसं करून काही बिघडलंही नसतं.

पण मला संक्रांत खटकत होती. अश्विनीच्या बाजूने दुसरी कुठली जोखीम नव्हती. रक्त चढवलेलं नव्हतं, कुठे संशयास्पद इंजेक्शन नव्हतं. नवऱ्याशी शेवटचा संबंध मात्र संक्रांतीला आला होता आणि खासगी लॅबचं रक्त त्यानंतर साधारण साडेतीन आठवड्यांनी गेलं होतं. लागण झाल्यापासून चाचणीत दिसेपर्यंतच्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. लॅबमधली चौथ्या पिढीची चाचणी साधारण 18 ते 45 दिवसांत लागण दाखवते, तर रॅपिड अँटिबॉडी चाचणीला 23 ते 90 दिवस लागू शकतात. म्हणजे साडेतीन-चार आठवड्यांवर मशिन ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आणि रॅपिड ‘निगेटिव्ह’ ही जोडी दोन प्रकारे जुळते: एक तर मशिनने चुकून पकडलं, नाहीतर लागण इतकी ताजी आहे की अँटिबॉडी अजून तयार व्हायच्यात. दुसरी शक्यता लहान होती, पण गर्भारपणात ती सोडून देता येत नाही. ताज्या लागणीत रक्तातला विषाणू सर्वांत जास्त असतो आणि बाळाला धोकाही तेव्हाच मोठा असतो.

म्हणून रिपोर्ट हातात देताना मी तिला स्पष्ट सांगितलं, की हा रिपोर्ट निगेटिव्ह आहे आणि तो खरा आहे. पण तो नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचं नक्की सांगतो, संक्रांतीनंतरचं अजून सांगत नाही. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद तिथेच निम्मा झाला. ते बघवत नाही, तरी अर्धवट दिलासा देऊन घरी पाठवणं मला त्याहून वाईट वाटतं.

समोरचे पर्याय

आमचे वैद्यकीय अधिकारी आणि एआरटी केंद्रातले, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रातले, डॉक्टर यांच्याशी बोलून चार वाटा समोर आल्या.

दोन ते चार आठवडे थांबून पुन्हा तपासायचं, हा नेहमीचा मार्ग. खर्च नाही, पण सातव्या-आठव्या महिन्यात तेवढे आठवडे मौल्यवान असतात.

थेट विषाणूचा शोध घेणारी आरएनए चाचणी, म्हणजे व्हायरल लोड, बाहेरून करायची. ताजी लागण असेल तर ती इथे लपत नाही. आमच्या कार्यक्रमात व्हायरल लोड मोफत होतं ते उपचार सुरू असलेल्यांचं. निदानासाठी करायचं तर खासगी लॅबचे काही हजार रुपये लागणार होते.

तिसरी वाट म्हणजे निदान पक्कं व्हायच्या आतच औषधं सुरू करायची. यावर चर्चा झाली, पण सगळ्यांचं मत विरोधात गेलं. आरएनएचा निकाल आठवड्याच्या आत मिळणार असताना, निगेटिव्ह रिपोर्ट असलेल्या मुलीच्या हातात एआरटीची बाटली देणं म्हणजे त्या घरात तिच्यावर कायमचा शिक्का मारणं होतं.

चौथी, नवऱ्याची तपासणी. ही तर व्हायलाच हवी होती. नवऱ्याचा रिपोर्ट म्हणजे बायकोचा रिपोर्ट नव्हे, हे आम्ही रोज सांगतो. इथे मात्र अश्विनीची एकमेव जोखीम महेशकडून होती, त्यामुळे त्याच्या रिपोर्टने तिच्या रिपोर्टचा अर्थ लागणार होता.

आरएनए आणि महेशची तपासणी लगेच, आणि तीन आठवड्यांनी अश्विनीची पुन्हा रॅपिड, असं ठरलं. तोवर शरीरसंबंध टाळायचे किंवा निरोध वापरायचा. महेशला फोन आम्ही केला नाही. अश्विनीनेच केला, आमच्यासमोर बसून. “तपासणीला या, एवढंच. बाकी इथं आल्यावर मॅडम सांगतील.”

समजा, खरंच पॉझिटिव्ह निघालं तर, हेही मी त्याच दिवशी तिला सांगून ठेवलं. औषधं सरकारी एआरटी केंद्रांत 2004 पासून मोफत आहेत आणि 2017 पासून निदान झालं की लगेच सुरू करतात. काहीच उपचार नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण 15 ते 45 टक्के असतं. आईने वेळेत औषधं घेतली आणि बाळाला जन्मल्यावर सिरप दिलं, तर ते 5 टक्क्यांच्या खाली येतं. औषधांनी व्हायरल लोड सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर जोडीदाराला संबंधांतून लागण होत नाही. हे ऐकताना ती पहिल्यांदा नीट टेकून बसली.

दुसरा निर्णय: महेशचं बोलणं

महेश चार-पाच दिवसांनी आला. आधी तणतणतच, की माझ्यात काही नाही, आईने डोकं फिरवलंय. दार लावून आम्ही दोघंच बोलायला लागलो. चाचणीपूर्वीच्या समुपदेशनात जोखमीचे प्रश्न ठरलेले असतात आणि ते मी सगळ्यांना एकाच सुरात विचारते, म्हणजे समोरच्याला आपल्यावरच रोख आहे असं वाटत नाही. बराच वेळ तो खिशातल्या गाडीच्या किल्लीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, “थर्टी फर्स्टला आम्ही सगळे लॉजवर गेलो होतो.” निरोध वापरला होता का, तर आठवत नव्हतं.

आता चित्र स्पष्ट झालं आणि अवघडही. ज्या प्रश्नावरून सासूबाईंनी सुनेला घराबाहेर काढलं होतं, त्याचं उत्तर त्यांच्या मुलाकडे होतं. आणि मुलाने ते विश्वासाने फक्त मला सांगितलं होतं.

2017 चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, जो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, तो गुप्ततेबाबत कडक आहे. जोडीदाराला माहिती देण्याची तरतूद त्यात आहे, पण ती लागण निश्चित झालेल्या माणसाबाबत, ठरावीक अटींवर आणि आधी त्याचं समुपदेशन करूनच. महेशचं तर अजून रक्तही घेतलं नव्हतं. त्याची गोष्ट अश्विनीला सांगायचा मला अधिकार नव्हता आणि ती मी सांगितली नाही. मी त्यालाच म्हटलं, “तुमचं बोलणं या खोलीतून बाहेर जाणार नाही. पण तिच्यावर घरात जो आळ आलाय, तो तुम्ही सोडून कुणी काढू शकत नाही. काय सांगायचं, किती सांगायचं, ते तुम्ही ठरवा. आळ मात्र काढा.”

पीईपी, म्हणजे जोखमीनंतर लागण टाळण्यासाठी 28 दिवस घ्यायची औषधं, 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. ती वेळ केव्हाच टळली होती. बेळगावकडे असतानाच त्याने कुठल्याही सरकारी रुग्णालयात विचारलं असतं किंवा 1097 या मोफत हेल्पलाइनला फोन केला असता, तर हे त्याला तेव्हाच कळलं असतं.

31 डिसेंबरपासून मोजलं तर सात आठवडे होत आले होते. आमची रॅपिड चाचणी नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आली. शिवाय त्याने स्वखर्चाने दुसऱ्या लॅबमध्ये चौथ्या पिढीची चाचणी केली, तीही नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. 45 दिवस उलटल्यावरच्या या निकालाला चांगलंच वजन असतं. महेशलाच लागण नसेल, तर संक्रांतीला अश्विनीला ती होण्याचा प्रश्न उरत नव्हता. दोन दिवसांनी तिचा आरएनए रिपोर्ट आला: विषाणू आढळला नाही.

परिणाम

मार्चच्या सुरुवातीला अश्विनीची रॅपिड पुन्हा निगेटिव्ह आली. हंगाम संपवून एप्रिलमध्ये महेश आला, तेव्हा तीन महिने पूर्ण झाल्यावरची त्याची चाचणीही निगेटिव्ह. एप्रिलच्या मध्यात, संक्रांतीला तीन महिने झाल्यावर, अश्विनीची शेवटची चाचणी केली. तीही निगेटिव्ह. मशिनने तिला का पकडलं याचं नेमकं कारण सापडलं नाही, आणि उपचाराच्या दृष्टीने ते शोधायची गरजही नव्हती.

प्रसूतिगृहाला रिपोर्ट कळल्यावर त्यांनी तिला परत बोलावलं. ती गेली नाही. आमच्याच रुग्णालयात नॉर्मल बाळंतपण झालं, मुलगी झाली.

महेशने आईला फोनवर सांगितलं, की चूक लॅबची होती आणि तिला काही बोलायचं नाही. स्वतःचं त्याने आईला सांगितलं नाही. अश्विनीला सांगितलं, पण एप्रिलमधला आपला रिपोर्ट हातात आल्यावर. बाळंतपणानंतर बायका साधारण सव्वा महिन्याने, फार तर तीन महिन्यांनी सासरी जातात. अश्विनी मुलीच्या पहिल्या दिवाळीपर्यंत माहेरीच राहिली. सासूबाईंना दाखवायला तिने आमच्या रिपोर्टच्या झेरॉक्स काढून घेतल्या होत्या. स्वतःला निर्दोष ठरवण्यासाठी कुणाला आपला एचआयव्ही रिपोर्ट दाखवावा लागू नये, असं मला मनापासून वाटतं. पण कागद तिचा होता आणि निर्णयही तिचाच होता.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, रक्त घेतानाच. या पॅनेलमध्ये एचआयव्ही आहे, पहिली चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली तर पुन्हा तपासावं लागेल, आणि निकाल फक्त तुम्हालाच सांगू, एवढं बोलायला दोन मिनिटं लागतात. माहितीपूर्ण संमती कायद्याने बंधनकारक आहे. केसपेपरवर घरातला कुठलाही नंबर न लिहिता ‘निकालासाठी तुमचा स्वतःचा नंबर’ असं विचारलं असतं, तर तो फोन सासूबाईंच्या कानी पडलाच नसता.

या प्रकरणात लोक हळहळतात ते लागण नव्हती म्हणून. मला ते अपुरं वाटतं. अश्विनी खरोखर पॉझिटिव्ह असती तरी तो फोन तितकाच चुकीचा होता, आणि बाळंतपण नाकारणंही तितकंच बेकायदेशीर. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. तक्रारीसाठी राज्य सरकारने लोकपाल नेमायची तरतूद कायद्यात आहे. अश्विनीला आम्ही हे सांगितलं. तक्रार करायची नाही असं तिने ठरवलं, कारण तक्रार केली की पुन्हा सगळ्यांना सगळं सांगत बसायचं.

प्रसूतिगृहाकडून महत्त्वाची चूक आणखी एक झाली: रिअ‍ॅक्टिव्ह आल्यावर त्यांनी तिला चाचणी केंद्राकडे चिठ्ठी दिली नाही. ती आमच्याकडे पोहोचली ती आशाताईंमुळे. त्या भेटल्या नसत्या, तर ती बाळंतपणापर्यंत ‘पॉझिटिव्ह’ म्हणूनच जगली असती.

महेशची तपासणी मात्र योग्य वेळी झाली असं मी म्हणेन. निगेटिव्ह रिपोर्टवर समाधान मानून फाइल बंद केली असती, तर थर्टी फर्स्टची गोष्ट बाहेर आलीच नसती. त्याला लागण असती, तर पुढच्या भेटीत अश्विनीला आणि दूध पाजताना बाळालाही ती पोहोचू शकली असती. गरोदर बाईबरोबर नवऱ्याचीही तपासणी करा, असा आग्रह आम्ही आता पहिल्याच भेटीत धरतो. हंगामी कामावर जाणाऱ्या घरांत तर निघण्याआधी आणि परत आल्यावरही.

या प्रकरणानंतर आम्ही तालुक्यातल्या खासगी लॅबना एक छोटा छापील मजकूर दिला, रिअ‍ॅक्टिव्ह रिपोर्टसोबत जोडायला: ‘ही प्राथमिक चाचणी आहे. यावरून एचआयव्ही असल्याचं निदान होत नाही. खात्रीची चाचणी आयसीटीसीमध्ये मोफत व गोपनीय होते. हा निकाल फक्त ज्याचे रक्त आहे त्यालाच द्यावा.’ काही लॅब तो जोडतात. काहींकडून अजूनही माणसं बारीक अक्षरातली ओळ न वाचताच आमच्या दारात येतात, आणि त्यांच्या घरी आधीच फोन जाऊन पोहोचलेला असतो.